आम्हाला फरक पडत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

प्रति,
आमच्या गावचे सरपंच, आमच्या मतदारसंघाचे आमदार आणि खासदार यांस,



तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण ते दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवतो, हे आता पुरतं कळलं आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दिलेल्या अर्जांची पोच तेवढी मिळाली, उत्तर मिळालं नाही.

तुमच्यापैकी एकाचं सभेतलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. लाभार्थ्यांची माहिती अशी कशी फुटते, असं एका तरुण पोराने उभं राहून विचारलं. त्यावर उत्तर आलं, "अहो, आमच्या बायाबापड्यांना कुठली आलीय प्रायव्हसी? खात्यात पैसे आले की झालं त्यांचं." मंडपात हशा पिकला. पुढे बसलेल्या बायकाही हसल्या. माइक ज्याच्या हातात असतो तो हसला की समोरच्याला हसावंच लागतं. पण त्या हसण्याला तुम्ही जनमत समजलात, याचं वाईट वाटलं.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या बायका योजनांचे फॉर्म भरायला माझ्या ओसरीवर येतात. त्यांना काय कळतं आणि काय कळत नाही, हे मी रोज बघते. म्हणून थोडं सांगते.

आधारची झेरॉक्स देताना त्यांतली एक बाई त्यावर तिरकं लिहायला लावते, "फक्त गॅसच्या कामासाठी", आणि खाली सही करते. हे तिला कुठल्या जागृती मोहिमेत शिकवलेलं नाही. दुसरीने फॉर्मवर देण्यासाठी वेगळं सिम घेतलं आहे, नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये घातलेलं. घरचा नंबर ती कुठल्याही कागदावर लिहू देत नाही. कॉलेजातल्या पोरींच्या व्हॉट्सॲपवर चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल असतं. आजाराचा रकाना आला की बाई आधी ओसरीवरच्या इतरांकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मी सगळ्यांना चहा प्यायला आत पाठवेपर्यंत तोंड उघडत नाही. झाकली मूठ कशासाठी झाकायची, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही त्या माहिती देतात, कारण दिली नाही तर हप्ता थांबतो. अडलेल्या माणसाने दिलेल्या होकाराला तुम्ही बेफिकिरी म्हणता.

आता यादीची गोष्ट. एका योजनेच्या लाभार्थ्यांची पीडीएफ यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. कोणी टाकली ते महत्त्वाचं नाही. त्याने भल्या हेतूनेच टाकली असेल, की बघा, कोणाचं नाव आलं. रकाने असे होते : अनुक्रमांक, नाव, वय, आधार क्रमांक, बँक खातं, आयएफएससी कोड, मोबाईल, आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात कोणापुढे "विधवा", कोणापुढे "परित्यक्ता", आणि दोघींपुढे थेट आजाराचं नाव. ग्रुपमध्ये अडीचशेच्या वर माणसं. त्यात गावातली पोरं होती, मुंबई-पुण्याला गेलेले चाकरमानी होते, खताचे आणि विम्याचे एजंट होते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पंधरवड्यात फोन सुरू झाले. "मॅडम, तुमचा हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा." समोरच्याला नाव माहीत, बँक माहीत, खात्याचे शेवटचे आकडे माहीत. इतकं सगळं बरोबर सांगणारा माणूस सरकारी नसेल, असं बाईने का समजावं? एकीचे पैसे गेले. एकीला रात्री-अपरात्री वेगळ्याच तऱ्हेचे फोन येऊ लागले, कारण त्या यादीने तिचा नंबर आणि तिला नवरा नसल्याची खबर एकाच ओळीत दिली होती. आणि ज्या दोघींच्या नावापुढे आजार छापला होता, त्यांतल्या एकीला सार्वजनिक नळावर बाकीच्या बायकांनी जरा सरकून जागा दिली. तिचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही, त्यामुळे तुमच्या कुठल्याच तक्रार अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.

मग मी विचारत निघाले. गावात सांगितलं गेलं की यादी वरून आली. तालुक्याला सांगितलं गेलं की आम्ही फक्त मेल पुढे पाठवला. जिल्ह्याला कळलं की सॉफ्टवेअर मुंबईचं. मुंबईच्या फोनवर कोणीतरी म्हणालं की ही बाब दिल्लीच्या कायद्याखाली येते. मधल्या पायरीवर कोणाला धरावं, तर २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासकच बसलेले होते. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथले साहेब सभ्यपणे बोलले, पण तपास त्यांच्या हातात नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि आमच्यासारख्या ग्रामीण ठाण्याचा कारभार सहायक निरीक्षकच पाहतात. "१९३० ला लावा, नाहीतर जिल्ह्याच्या सायबरला जा." १९३० हा क्रमांक चांगला आहे, पैसे गेल्या गेल्या लावला तर वाचूही शकतात. पण ज्या रकान्यातून सगळं सुरू झालं, तो रकाना कोणी घातला आणि का, हे विचारायला कुठलाच क्रमांक नाही.

आमच्या भागात कालव्याचं पाणी येतं. पाणी वरून निघतं आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचता पोचता आटतं. आमच्या माहितीचं बरोबर उलटं आहे. ती शेवटच्या घरातून निघते आणि एक थेंब न गळता दिल्लीपर्यंत चढते. जबाबदारी मात्र दिल्लीहून निघते आणि आमच्या शिवारात यायच्या आतच आटते.

हे असं का होतं, ते मी माझ्यापुरतं वाचून काढलं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे टेलिफोन आणि दळणवळण केंद्राकडे, तर पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे. म्हणजे माहिती गोळा करते ग्रामपंचायत किंवा अंगणवाडी, साठवतं राज्याचं खातं, तिच्या संरक्षणाचा कायदा करते संसद, आणि चोरी झाली की धावायचं जिल्ह्याच्या पोलिसांनी. या व्यवस्थेला माझा आक्षेप नाही, इतक्या मोठ्या देशात कामं वाटूनच घ्यावी लागतात. पण श्रेय घ्यायच्या वेळी ही वाटणी कुणाला आठवत नाही. योजनेच्या फ्लेक्सवर तुम्हा तिघांचेही फोटो असतात.

खासदारसाहेब, आता थोडं तुमच्याशी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. २०१२ साली आधारविरुद्ध याचिका दाखल केली तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. त्या सुनावणीत खासगीपणा हे वरच्या वर्गाचं खूळ आहे, गरिबाला आधी अन्न हवं, असा युक्तिवाद झाला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने तो स्पष्ट शब्दांत नाकारला. गरिबांना पोटापलीकडचे हक्क नकोतच, या समजुतीच्या आड आजवर किती अन्याय झाले, याकडेही त्यात लक्ष वेधलं आहे. म्हणजे सभेत ज्या वाक्यावर हशा पिकला, ते वाक्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कधीच निकालात काढलं होतं. मंडपापर्यंत तो निकाल पोचला नाही, इतकंच.

निकालानंतर डेटा संरक्षणाचा कायदा यायला सहा वर्षं लागली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला, २०१९ मध्ये विधेयक आलं, संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि नवं विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत काही दिवसांत मंजूर झालं. मधल्या मसुद्यावर लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. वीस हजारांहून जास्त आल्या. त्यात लोकांनी काय म्हटलं, हे सरकारने प्रसिद्धच केलं नाही. जनमत काय आहे असं विचारायचं, आलेलं जनमत कपाटात ठेवायचं, आणि मग सभेत म्हणायचं की लोकांना फरक पडत नाही!

तो कायदा मी बसून वाचला. त्यात चांगलं पुष्कळ आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवण्याचं बंधन आहे. अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. पण अनुदान, लाभ, दाखला देण्यासाठी सरकारला वेगळी संमती न घेता माहिती वापरण्याची सोय आहे. सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली केंद्राला हवी ती सरकारी संस्था कायद्यातून वगळता येते. दंड जमा होणार तो भारताच्या संचित निधीत; नळावर जिला सरकून जागा मिळाली तिला त्यातला रुपया मिळणार नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईसाठी जे कलम ४३अ होतं, ते याच कायद्याने रद्द होणार आहे. आणि तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर तिलाच दहा हजारांपर्यंत दंड.

यापेक्षाही जिव्हारी लागलं ते तारखांचं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नागरिकांना ज्यातून संरक्षण मिळायचं, ती कलमं अठरा महिन्यांनी लागू व्हायची. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये जो बदल केला, तो मात्र लगेच लागू झाला. पूर्वी त्या कलमात होतं की व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर ती नाकारता येईल, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. आता उरलं एवढंच, की माहिती व्यक्तिगत असेल तर नाकारता येईल. व्यापक जनहिताचं कलम ८(२) शाबूत आहे, असं सरकार सांगतं, आणि ते खरं आहे. पण माहिती अधिकाराचे अर्ज मीही केले आहेत. व्यापक जनहित आहे की नाही, हे ठरवणार त्याच कार्यालयातला अधिकारी, आणि अपिलांत वर्षं जातात. आता उद्या मी विचारलं की ती यादी कोणत्या कर्मचाऱ्याने तयार केली आणि त्याच्यावर काय कारवाई झाली, तर उत्तर येऊ शकतं, "सदर माहिती व्यक्तिगत असल्याने देता येत नाही." गोपनीयतेचा कायदा आला आणि पहिलं पांघरूण कार्यालयावर पडलं. आम्ही आहोत तसेच उघड्यावर.

आमदारसाहेब, लाडक्या बहिणींना तुम्ही महिना पंधराशे रुपये दिलेत, त्याचं मोल मला ठाऊक आहे. माझ्या ओसरीवर त्या पैशांनी शाळेची दप्तरं आली, गोळ्या-औषधं आली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीही मागितला गेला. नवरा नाही आणि वडीलही नाहीत अशा बाईने काय करायचं, याचा विचार आधी झाला नाही. ओरड झाल्यावर वाट काढली. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक जण त्या वेळी माझ्यासमोर बसली होती. ज्या माणसापासून ती जीव मुठीत घेऊन निघाली, त्यालाच फोन करून "आलेला नंबर सांगता का" असं तिने विचारायचं! तिने हप्ता सोडायचं ठरवलं. हे मत तुमच्या कुठल्या सर्वेक्षणात मोजलं गेलं?

आणि रांगा होत्या सेवा केंद्रांवर. तिथे बाई आपला फोन काउंटरवर ठेवते, समोरचा मुलगा तिचाच ओटीपी तिच्याच फोनवरून बघून टाइप करतो, "मी सहमत आहे" वर तोच टिचकी मारतो. त्या मुलालाही दोष देत नाही. दिवसाला शंभर माणसं, साइट अर्धा वेळ बंद, आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नाही. पण एकीकडे ओटीपी कुणालाही देऊ नका म्हणून जाहिरात करायची आणि दुसरीकडे ओटीपी दिल्याशिवाय चालणारच नाही अशी योजना आखायची, याला काय म्हणावं?

वरून काही येत असेल तर तो उपदेश. फोन लावला की मध्यंतरी सावधानतेची धून वाजायची. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा. सल्ला योग्यच आहे. पण मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने लोकांना बजावलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार वापरा. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. नेहमीची दक्षता बाळगा, असं सांगण्यात आलं. ज्या एका सरकारी कागदाने आमच्या बायकांच्या मनातली भीती खरी ठरवली, तोच परत घेतला. आणि दक्षता आम्ही कशी बाळगायची? झेरॉक्स दिली नाही तर अर्ज घेत नाहीत, आणि आकडे झाकलेलं आधार दाखवलं तर काउंटरवरचा म्हणतो, "हे चालत नाही, ओरिजिनल आणा."

कोणी म्हणेल, याद्या बंदच करून टाका. मी तसं म्हणत नाही. याद्या लागल्या म्हणून तर बोगस नावं सापडतात. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हाच दोन मजली घरवाला गप बसतो. कोणाला किती लाभ मिळाला हे गावाला कळलंच पाहिजे. त्यासाठी नाव, गाव आणि हप्ता पुरे आहे. आधार क्रमांक छापून कुठला भ्रष्टाचार थांबतो? तो असा प्रसिद्ध करायला आधार कायद्यानेच, कलम २९(४) प्रमाणे, बंदी आहे. बाईचा आजार छापून कोणाचा हिशोब पारदर्शक होतो?

म्हणून माझं मागणं तिघांकडे वेगवेगळं आहे, म्हणजे बोट दाखवायला जागा राहणार नाही.

सरपंच, तुमच्या फलकावर आणि तुमच्या ग्रुपवर जाणाऱ्या कुठल्याही यादीत आधार, खातं, मोबाईल आणि शेरा असणार नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्या. कार्यालयातल्या कपाटावर रचलेल्या झेरॉक्सचे गठ्ठे किती दिवस ठेवायचे आणि कोणाच्या समोर नष्ट करायचे, हे लिहून काढा. यासाठी मुंबईची परवानगी लागत नाही.

आमदारसाहेब, माहिती अधिकार कायदा आला तेव्हा प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर जनमाहिती अधिकाऱ्याचं नाव लागलं. लोकांची माहिती सांभाळणाराही तसाच एक नावानिशी अधिकारी तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात असू द्या. योजनेच्या सॉफ्टवेअरमधून यादी बाहेर पडतानाच आकडे झाकलेले असतील, अशी सोय खात्याला करायला लावा. सेवा केंद्रातल्या मुलांना प्रशिक्षण द्या. ग्रामीण ठाण्यात सायबर तक्रार घेऊन तपास पुढे नेणारा माणूस द्या. आणि पुढची कुठलीही योजना आखताना, नवऱ्याच्या फोनशिवाय जगणारी बाई आधी डोळ्यांसमोर आणा.

खासदारसाहेब, कलम ८(१)(ञ) पूर्ववत करण्यासाठी सभागृहात बोला. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळेल, अशी तरतूद मागा. डेटा संरक्षण मंडळाचे अध्यक्ष-सदस्य केंद्र सरकारच नेमणार, आणि केंद्र सरकारविरुद्धच्या तक्रारीही हेच मंडळ ऐकणार. या नेमणुका स्वतंत्र असाव्यात, असं तुम्हाला वाटतं की नाही ते सांगा. माहिती अधिकारासाठी राज्यात आयोग आहे, त्याची विभागवार खंडपीठं आहेत. गोपनीयतेसाठी राज्यात काहीच नाही. ज्या बाईला जिल्ह्याच्या सायबरला जायचं तर रोज बुडतो, तिने दिल्लीतल्या मंडळाच्या पोर्टलवर तक्रार करावी, ही अपेक्षा तुम्हाला तरी पटते का?

तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून शेवटी मतही सांगून टाकते. आम्ही आमची माहिती सरकारला खुशीने देऊ, देतोच आहोत. कशाला हवी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि फुटली तर गावात येऊन कोण उत्तर देणार, एवढं आधी सांगा. त्या ओसरीवरच्या प्रत्येक बाईचं हेच म्हणणं आहे, मी विचारून लिहिलं आहे.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेण्यासाठी अर्ज दिला आहे. तुम्ही तिघेही त्या दिवशी या. उत्तर माइकवरून द्या, सगळ्यांसमोर द्या. आणि त्या दिवशीही कोणी म्हणालं की आमच्या बायाबापड्यांना फरक पडत नाही, तर या खेपेला कोणी हसणार नाही, इतपत तयारी आम्ही करून ठेवली आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(आणि आपलीच मतदार)